नाक वर की खाली? पाइनवूड डर्बीतल्या एका गाडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

पाइनवूड डर्बीची पहिली शर्यत १९५३ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचला झाली. डॉन मर्फी यांच्या मुलाला सोपबॉक्स गाड्यांच्या, म्हणजे मुलं स्वतः बसून उतारावरून चालवतात अशा बिनइंजिनाच्या गाड्यांच्या, शर्यतीत भाग घ्यायचा होता, पण त्याचं वय कमी पडत होतं. म्हणून मर्फींनी आपल्या कब स्काउट, म्हणजे लहान मुलांच्या स्काउट, पथकासाठी ही छोट्या गाड्यांची शर्यत काढली. पाइनच्या लाकडाचा सात इंची ठोकळा, चार प्लास्टिकची चाकं आणि आसाच्या जागी चार खिळे, एवढाच ऐवज. इंजिन नाही, बॅटरी नाही. गाडी उतारावरून सुटते आणि पुढच्या सपाटीवर मिळालेल्या वेगातच धावते. वजनाची मर्यादा बहुतेक ठिकाणी पाच औंस, म्हणजे १४१.७ ग्रॅम. मार्गिकेच्या मधोमध पाव इंच उंचीची एक पट्टी असते. चाकं तिच्या दोन्ही बाजूंनी धावतात आणि गाडीचं पोट तिच्यावरून जातं.

हे प्रकरण अशाच एका पथकातलं आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मी त्या पथकात ट्रॅकची जोडणी आणि तपासणी बघणाऱ्या मंडळींपैकी एक होतो, त्यामुळे बऱ्याच गोष्टी जवळून पाहता आल्या.

एका मुलीने वडिलांच्या मदतीने पाचरीच्या आकाराची गाडी केली होती. मागे जाड, पुढे निमुळती होत गेलेली आणि नाक अगदी जमिनीलगत. वजन टंगस्टन या जड धातूने पाच औंसांवर आणलेलं. गुरुत्वमध्य मागच्या आसापुढे जेमतेम दोन सेंटिमीटर, म्हणजे जाणकार ठेवतात त्याच पट्ट्यात. आस पॉलिश केलेले, चाकांत घर्षण कमी करणारी ग्रॅफाइटची पूड. काम खरोखर निगुतीने झालं होतं.

त्यात एक बदल वडिलांनी आपल्या मनाने केला होता. पुढच्या आसाची भोकं त्यांनी ठोकळ्यात आसासाठी असलेल्या मूळ खाचेपेक्षा दोन मिलिमीटर वर पाडली, त्यामुळे गाडी पुढे झुकली. विचार असा, की नाक खाली म्हणजे वारा कमी आणि वारा कमी म्हणजे वेग जास्त. शर्यतीच्या मोटारी पाहत आलेल्या कुणालाही हे पटेल.

अडचण

सरावाच्या दिवशी गाडी हरत होती, तीही सुटल्या सुटल्या. शेजारच्या मार्गिकेत एक चौकोनी, उंच नाकाची, दिसायला ओबडधोबड गाडी होती. गेट, म्हणजे सुरुवातीला गाड्यांची नाकं अडवून धरणाऱ्या खुंट्यांचा दांडा, पडलं की ती पहिल्या वीतभरातच पुढे दिसायची. मार्गिका बदलून पाहिल्या, तरी तेच. म्हणजे दोष मार्गिकेचा नव्हता.

बघणाऱ्यांनी निदानही करून टाकलं: "नाक खाली आहे म्हणून हरते. नाक वर घ्या." वडिलांच्या खोक्यात बाल्सा या अगदी हलक्या लाकडाचा तुकडा होताच. नाकावर चिकटवला की झालं, असं त्यांना वाटत होतं.

निदान अर्धं बरोबर होतं. पण 'नाकाची उंची' या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या होत्या. सुरुवातीच्या खुंटीला गाडी कुठल्या उंचीवर टेकते, ही एक. पुढचा भाग वर-खाली झाल्याने गुरुत्वमध्य किती हलतो, ही दुसरी. आणि नाकाचं पोट मधल्या पट्टीपासून किती वर राहतं, ही तिसरी. तिन्हींचे परिणाम वेगळे आणि ट्रॅकवरच्या जागाही वेगळ्या. पहिली फक्त सुटताना बोलते, दुसरी जवळजवळ कुठेच बोलत नाही आणि तिसरी बाकावर, म्हणजे उतार संपून सपाटी सुरू होते त्या वळणावर.

समोर असलेले पर्याय

सरावानंतर आम्ही ट्रॅकपाशीच थांबून चार पर्याय मांडले. पहिला, नाकावर बाल्साचा ठोकळा. दुसरा, पुढचा आस पुन्हा मूळ उंचीवर नेणं. तिसरा, पुढचं एक चाक किंचित उचलून गाडी तीन चाकांवर पळवणं. हे अनेक जण करतात, कारण न फिरणाऱ्या चाकाला फिरवण्यात ऊर्जा जात नाही. पण आमच्या नियमांत चारही चाकं टेकलेली हवीत असं स्पष्ट लिहिलेलं होतं, त्यामुळे तो पर्याय तिथेच संपला. चौथा, गाडीला हात न लावता आधी सुरुवातीचं गेट तपासणं.

बाल्साच्या पर्यायाचा हिशेब कागदावर केला, कारण त्यावर सगळ्यांचा जीव होता. ठोकळा आणि डिंक मिळून तीन ग्रॅम धरले, तर तेवढंच वजन मागच्या टंगस्टनमधून काढावं लागणार. त्याने गुरुत्वमध्य सुमारे तीन मिलिमीटर पुढे सरकतो. उतार २५ अंशांचा धरला, तर गुरुत्वमध्याची सुरुवातीची उंची सव्वा मिलिमीटरने घटते. गाडी एकूण उतरते साधारण एक मीटर, त्यामुळे हा तोटा किरकोळ. म्हणजे ठोकळा लावून मोठं नुकसान होणार नव्हतं. मग लावायचा का नाही?

पहिला निर्णय: आधी गेट

इथे मुलीच्या एका प्रश्नाने दिशा ठरली. ती म्हणाली, "बाबा, गेट पडलं की सगळ्या गाड्या एकदमच सुटतात ना? मग ती आधी कशी निघते?"

उत्तर शोधायला फोनवर स्लो मोशन चित्रण केलं. सेकंदाला २४० चित्रं घेतली, तर दोन चित्रांत चार मिलिसेकंदांहून थोडं जास्त अंतर राहतं, आणि या कामाला ते पुरतं. फोन गेटच्या बाजूला, खुंट्यांच्या उंचीवर ठेवला. चित्रांत साफ दिसलं, की खुंट्या झटकन पडत नव्हत्या. गेट खाली ओढणारी स्प्रिंग सैल झाली होती आणि खुंट्या आरामात पुढे कलत होत्या. दोन्ही गाड्या खुंटीला चिकटूनच निघत होत्या, पण उंच नाकाची गाडी काही चित्रं आधी मोकळी होत होती.

कारण सरळ आहे. खुंटी तळाशी असलेल्या दांड्याभोवती पुढे फिरते. दाराची बिजागरीकडची बाजू हळू सरकते आणि कडेची बाजू भर्रकन, तसंच इथे. खुंटीचा वरचा भाग जास्त वेगाने दूर जातो आणि खालचा रेंगाळतो. उंच नाक वरच्या भागाला टेकलेलं असतं, त्यामुळे त्याला आधी वाट मिळते, आणि कललेल्या खुंटीच्या टोकावरूनही ते आधी पार होतं.

पण याला एक अट आहे. खुंटी सावकाश पडत असेल तरच हा फरक पडतो. २५ अंशांच्या उतारावर गाडीचं त्वरण सेकंदाला सेकंदाला चार मीटरच्या थोडं वर असतं. समजा खुंटी पूर्ण आडवी व्हायला तीन दशांश सेकंद घेते आणि नाक गेटच्या दांड्यापासून दोन सेंटिमीटर वर टेकलं आहे. मग त्या जागी खुंटीचं त्वरण एक मीटरसुद्धा भरत नाही. गाडी पुढे जायला बघते आणि खुंटी तिला अडवते. तीच खुंटी पाच शतांश सेकंदात पडली, तर त्याच जागी त्वरण पंचवीसच्या घरात जातं. मग नाक उंच असो की बुटकं, खुंटी गाडीच्या आधीच निघून गेलेली असते.

सुरुवातीचा हा फरक डोळ्याला क्षुल्लक दिसतो, आणि फसगत तिथेच होते. एक शतांश सेकंद आधी सुटलेली गाडी त्या शतांश सेकंदात फक्त दोन दशांश मिलिमीटर सरकते. पण वेळेची ती आघाडी शेवटपर्यंत टिकते. एक मीटर उंची उतरलेल्या गाडीचा वेग, घर्षण आणि हवा सोडली तर, सेकंदाला ४.४ मीटर होतो. त्या वेगाने एक शतांश सेकंद म्हणजे ४.४ सेंटिमीटर. गाडी सात इंच, म्हणजे सुमारे १८ सेंटिमीटर लांब. एवढ्याशा फरकाने पाव गाडीचं अंतर पडतं. मोठ्या आवडीने बनवलेली गाडी लाकडापायी नव्हे, सैल स्प्रिंगपायी पाव गाडी मागे पडावी, हे मला तरी सहन होणारं नव्हतं.

दुसरा निर्णय: गाडी बदलायची की गेट?

आता प्रश्न एका गाडीचा उरला नव्हता. बुटक्या नाकाच्या आणखी गाड्या होत्या आणि त्यांच्या घरी या चित्रणाची कुणाला कल्पनाही नव्हती. बाल्साचा तुकडा चिकटवला असता, तर या एका मुलीपुरतं काम झालं असतं.

उंच नाकाच्या गाडीच्या पालकांनी गेट दुरुस्तीला हरकत घेतली. त्यांचं म्हणणं होतं, की आमची गाडी नियमांत बसते, नाक सपाट आहे, खुंटीला अडकणारी खाच नाही, आणि सराव सगळ्यांनी याच गेटवर केला आहे. आता ऐनवेळी गेट का बदलायचं? मला त्यांचा मुद्दा बिनबुडाचा वाटला नाही. त्यांनी काहीही लपवलं नव्हतं.

तरीही समितीने गेट दुरुस्त करायचं ठरवलं, आणि माझ्या मते तेच योग्य होतं. सगळ्या गाड्या एकाच क्षणी मोकळ्या करणं हेच गेटचं काम. ते त्याला जमत नसेल, तर तो उपकरणाचा बिघाड आहे आणि कुणा एकाला त्याचा फायदा मिळणं योगायोग. उंच नाकावर कसलीही बंदी घातली नाही. स्प्रिंग नवी टाकली, दांड्याच्या बेअरिंगमधला मळ साफ केला आणि सगळ्या घरांना कळवलं, की गेट आता वेगळं पडतं, ज्यांना पुन्हा सराव करायचा आहे त्यांनी शर्यतीआधी यावं.

पुन्हा चित्रण केलं. खुंट्या आता गाड्यांच्या नाकांपासून लगेच सुटत होत्या आणि दोन्ही गाड्या एकाच चित्रात हलताना दिसत होत्या.

अडचण उरलीच

त्या सरावात मुलीची गाडी बरोबरीने सुटली, उतारावर बरोबरीने आली आणि बाक ओलांडल्यावर मागे पडली. सपाटीवर तिची शेपटी दोन्हीकडे हलत होती.

बहुतेकांनी चाकांच्या रेषेकडे बोट दाखवलं. वाकडी चाकं हा या खेळातला नेहमीचा रोग, त्यामुळे ते स्वाभाविकही होतं. पण उतारावर गाडी सरळ येत होती. चाकं वाकडी असती, तर तिथेही ती पट्टीवर आदळली असती.

मुलगी कापडाने मार्गिका पुसत होती. बाकाच्या शेवटी पट्टीच्या वरच्या पृष्ठभागावर तिला करड्या रंगाचा एक ओरखडा दिसला. "बाबा, चाकं तर पट्टीच्या बाजूला असतात. मग वर कोण घासलं?" तिने गाडी उलटी केली. नाकाच्या पोटावर, अगदी टोकाशी, रंग उडून लाकूड चकचकीत झालेलं होतं. नखाने चाचपलं तर तिथे गुळगुळीत लागत होतं आणि बाकी सगळीकडे रंगाचा खरखरीतपणा.

खात्रीसाठी नाकाच्या पोटाला खडू चोळला आणि गाडी सोडली. पट्टीवर पांढरी रेघ उमटली. बाकाच्या सुरुवातीपासून त्याच्या शेवटापर्यंत, पुढे नाही, मागे नाही.

सपाटीवर न घासणारं नाक बाकावर का घासावं? बाक खोलगट असतो. चाकं जिथे टेकतात त्या दोन ठिकाणांच्या मधे ट्रॅक पोटापासून दूर जातो, पण पुढच्या चाकांच्याही पुढे आलेलं नाक चढत्या भागाकडे जातं. दोन आसांमधलं अंतर सुमारे ११ सेंटिमीटर, नाक पुढच्या आसापुढे ४ सेंटिमीटर आणि बाकाची त्रिज्या १.२ मीटर धरली, तर टोकापाशी ट्रॅक अडीच मिलिमीटर वर येतो. पोट जमिनीपासून पाव आणि एक अष्टमांश इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर वर असतं आणि पट्टी ६.४ मिलिमीटर उंच. मधे उरतात तीन मिलिमीटरच्या थोडं वर. मूळ खाचेत आस असता, तर गाडी बाकावरून अर्धा-पाऊण मिलिमीटर राखून निघून गेली असती.

पण आस दोन मिलिमीटर वर नेल्याने नाकाचं टोक पावणेतीन मिलिमीटर खाली आलं होतं. सपाटीवर पट्टीपासून अर्धा मिलिमीटर उरला, म्हणून तपासणीत गाडी पास झाली. बाकावर मात्र नाक पट्टीवर टेकायचं, पुढची चाकं हलकी व्हायची आणि गाडी बाकातून बाहेर पडताना डोलायला लागायची.

या सगळ्याच्या बदल्यात झुकवण्याने मिळालं काय? हवेचा अवरोध ठरतो समोरून दिसणाऱ्या आकारावर आणि चाकांवर. पाचरीचं आधीच बारीक असलेलं टोक आणखी खाली दाबलं, म्हणून तो आकार लहान होत नाही. गुरुत्वमध्य तेवढ्याने ०.३६ मिलिमीटर खाली आला, आणि २५ अंशांच्या उतारावर त्यातून उतरण्याच्या उंचीत जो लाभ झाला तो ०.०३ मिलिमीटर. कागदाच्या जाडीपेक्षाही कमी. पाचरीचा आकार स्वतः मात्र फायद्याचाच होता. अख्ख्या चौकोनी ठोकळ्यावर हवेचा अवरोध या वेगाला गाडीच्या वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास भरतो, आणि सपाटीवर तो काही सेंटिमीटर खातो. आकार चांगला होता, झुकाव नको होता.

तिसरा निर्णय: घासायचं की भोकं पाडायची?

आस मूळ जागी नेणं हा शुद्ध उपाय. पण त्यासाठी भोकं भरून पुन्हा पाडावी लागणार आणि चाकांची उत्तम जुळलेली रेष मोडणार. शर्यत तोंडावर असताना वडिलांना ती जोखीम नको होती. दुसरा मार्ग होता नाकाचं पोट तिरकं घासून काढण्याचा: पुढच्या आसापाशी शून्य आणि टोकाशी तीन मिलिमीटर. लाकूड जाईल ग्रॅमभर, आणि नाकाची पुढची सपाट बाजू खुंटीला टेकण्याइतकी शिल्लक राहील.

त्यांनी घासायचं ठरवलं. सँडपेपर एका सपाट पट्टीला गुंडाळून मुलीनेच ते केलं आणि मधून मधून खडू लावून पाहत राहिली. रेघ तुटक झाली, मग ठिपक्यांची झाली, मग उमटेनाशी झाली. गेलेल्या ग्रॅमभर वजनाची भरपाई करताना वडिलांचा हात सवयीने मागच्या टोकाकडे गेला होता. ट्रॅक सांभाळणाऱ्या एका ताईंनी सुचवलं, की ते पुढच्या आसाच्या मागे टाका. पुढचा भाग आधीच हलका आहे, तो आणखी हलका झाला तर बाकावरून निघताना पुन्हा डोलेल. मागे टाकल्याने मिळणारी उंची मिलिमीटरच्या आत होती, डोलण्यात जाणारी ऊर्जा तिच्याहून कितीतरी जास्त.

परिणाम

शर्यतीच्या दिवशी गाडी बाकावरून सरळ निघाली. ती अंतिम फेरीपर्यंत पोचली आणि तिथे तिसरी आली. जिंकली ती तीच उंच नाकाची ओबडधोबड गाडी. तिची चाकं अप्रतिम फिरत होती, बोटाने फिरवली तर थांबायचं नाव घेत नव्हती. गेट सुधारल्यावर सुरुवातीची आघाडी गेली होती, तरी ती जिंकली. त्यामुळे तिच्या घरच्यांची कारागिरी सगळ्यांना नीट दिसली आणि गेटवरून झालेली कुरबुरही मिटली.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी, गेटचं चित्रण पहिल्या सरावाआधीच व्हायला हवं. त्याला फोन सोडून काही लागत नाही. सगळ्या खुंट्या एकदम पडतात का आणि नाकापासून लगेच सुटतात का, एवढंच पाहायचं. ते आधी झालं असतं, तर ऐनवेळी गेट बदलण्याचा वाद उद्भवलाच नसता.

एका वेळी एकच बदल, हा नियम इथे थोडक्यात वाचला. बाल्साचा ठोकळा आधी चिकटवला असता, तर सैल गेटवर गाडी सुटताना बरी दिसली असती आणि नाक पट्टीवर घासतच राहिलं असतं. वेळ थोडा सुधारला असता, तेवढ्यावर समाधान मानलं गेलं असतं आणि खरा दोष झाकला गेला असता.

पुढच्या आसाची उंची बदलायचीच असेल, तर भोकं पाडण्याआधी गाडीचं बाजूचं चित्र कागदावर मूळ मापात काढून बाकाच्या कमानीवर ठेवून बघावं. नाक कुठे टेकतं ते पेन्सिलनेच कळतं. लांब पाचरीच्या गाड्यांना हे विशेष लागू आहे, कारण नाक पुढच्या आसापुढे जितकं जास्त येतं, तितका बाक त्याला लवकर गाठतो.

आणि तपासणी. आमच्याकडे पट्टीच्या एका सरळ तुकड्यावरून गाडी सरकवून पोटाची उंची पाहिली जायची. या गाडीने ती चाचणी रीतसर पास केली होती. नंतर आम्ही प्लायवूडचा एक तुकडा बाकाच्याच त्रिज्येने कापला, त्यावर मधली पट्टी बसवली आणि तपासणीच्या टेबलावर सरळ तुकड्याशेजारी ठेवला. आता प्रत्येक गाडी दोन्हींवरून सरकवतात, आणि दुसऱ्यावर जी अडते तिला वजनाच्या काट्याकडे जाण्याआधी सँडपेपर मिळतो.